गाडी वेळेवर, बायका फाट्यावर

"बाई, 'यशस्वी' खोडा." त्या शब्दावर बोट ठेवून ते म्हणायचे. बोटाची शाई पानाला लागायची आणि ते पान मी पुन्हा टाइप करायचं, चार कार्बन घालून.

मी आमच्या तालुक्याच्या बस डेपोत टायपिस्ट होते, ते वाहतूक निरीक्षक. राहात्याच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर तेव्हा वेळ छापणारं यंत्र बसवलं होतं. कंडक्टरने उतरून कार्ड आत सारायचं, की गाडीची वेळ त्यावर उमटे. तीन महिने कार्डं चोख आली. 'प्रयोग यशस्वी' असा अहवाल मॅनेजरांना वर पाठवायचा होता. मलाही तो एकदाचा जायला हवा होता.

पण हे गृहस्थ आठ दिवस सकाळी त्या फाट्यावर जाऊन बसले. मळ्यांतल्या बायकांना भाजीच्या पाट्या घेऊन राहात्याच्या बाजाराला जायला तेवढी एकच गाडी. त्यांच्यातली एक जे बोलली, ते यांनी जसंच्या तसं अहवालात घातलं: "सायेब, आदी गाडी उशिरा यायची, पन आमाला घिऊन जायची. आता टायमात येती आन् मोकळीच जाती. मेथी काय दुपारी इकायची?"

"हे अहवालात शोभतं का?" मी विचारलं.

"यंत्राची परीक्षा तिनंच केलीय, बाई. मी नुसता बसलो होतो."

मग त्यांनी एक नवा रकाना पाडला: 'मागे राहिलेले प्रवासी'. मॅनेजर तो काढत, हे पुन्हा घालत. सहाव्या खेपेला मी ओरडलेच, "साहेब, सही करा आणि मला सोडा. घरी स्वयंपाक पडलाय."

"मी सही केली की त्या बायका कायमच्या मागे राहतील."

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याचं खरं असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

शेवटी त्यांची बदली झाली. नव्या निरीक्षकांनी हजर झाल्या दिवशीच 'यशस्वी'वर सही केली.

दुसऱ्या सकाळी मी बहिणीकडे राहात्याला निघाले, तर गाडीत हे आमचे जुने निरीक्षक, ट्रंकेसकट. फाटा आला. कंडक्टरच्या आधी हे खाली उतरले आणि यंत्राला पाठ लावून उभे राहिले.

"सरका की साहेब, टाइम होतोय!"

"होऊ दे."

लांबून बायका पळत येत होत्या. यांनी एकेक पाटी उचलून आत दिली आणि वर त्यांनाच झापलं, "अगं बायांनो, जरा लवकर निघायला काय होतं तुम्हाला? रोज कोण उभं राहणार इथं?"