उकंडराव हवालदारांची गॅसपरेड

किन्हीराजाचे उकंडराव हवालदार रागीट होते हे सगळं गाव जाणून होतं. कोणी नुसतं "जय भीम" म्हटलं तरी ते असा खणखणीत "जय भीम" परत करायचे की समोरच्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. पलटणीतून रिटायर होऊन आलेला माणूस, चालायची सवय परेडची, बोलायची सवय मैदानावरची. बुद्धविहारासमोर बसणारे लोक त्यांना मागून 'गॅसवाला हवालदार' म्हणायचे आणि खी खी हसायचे. हसा लेको! ज्या गोष्टीला हसत होता, ती तुमच्याच पाठीवर बांधलेली होती.

गॅसची गोष्ट अशी. पाकिस्तानची लढाई संपली, आणि दोनेक वर्षांनी उकंडरावांच्या पलटणीला एक नवीन शिक्षण आलं. दुश्मनाने विषारी हवा सोडली, रोगाचे जंतू सोडले, तर शिपायाने जिवंत कसं राहायचं. शिकवायला मदनसिंग नावाचा उस्ताद होता, आवाज असा की झाडावरचे कावळे उडावेत. "गॅस! गॅस! गॅस!" असं तो ओरडला की जेवणाच्या थाळ्या बडवल्या जायच्या आणि हातातलं काम टाकून सगळे श्वास रोखायचे. डोळे बंद, पिशवीतून मास्क बाहेर, आधी हनुवटी आत, मग पट्टे ओढायचे, जोरात फुंकर मारून आतली हवा बाहेर काढायची आणि मगच श्वास. जंतूंचा धाक असेल तिथे विहिरीचं पाणी प्यायचं नाही, मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. कपड्यांवर विष पडलं तर आधी कपडे फेकायचे, लाज मागून.

आणि मग तंबू. बंद तंबूत अश्रुधूर सोडलेला. मास्क लावून आत जायचं, आत गेल्यावर मास्क काढायचा, आपलं नाव आणि नंबर सांगायचा आणि मगच बाहेर. भले भले पैलवान नाव सांगता सांगता आईला हाका मारायचे. बाहेर उलट्या करत पडलेल्या जवानांना मदनसिंग म्हणायचा, "जो रुलाता है वो दोस्त है। बता तो देता है कि मैं आया हूँ। जो बिना बताए आए, उससे डरो।" आणि ते न सांगता अंगावर येणारं विष काय करतं तेही तो सांगायचा. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी होते, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, छाती भरून येते. उकंडरावांनी हे सगळं डोक्यात पक्कं बसवलं. घरी निघताना मात्र बूट, घोंगडं, मास्क, सगळं सरकारजमा झालं. फक्त माणूस तेवढा गावी आला.

गावात आल्यावर त्यांनी पाहिलं काय? त्यांचा जावई इंद्रभान दौलतराव पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी पडली होती आणि तालुक्याहून फवारणीच्या औषधाचे डबे आले होते, त्यावर कवटी छापलेली. इंद्रभान सदरा खराब होऊ नये म्हणून उघड्या अंगाने पाठीवर पंप घ्यायचा, बादलीत औषध हातानेच ढवळायचा आणि नाकाला रुमालाएवढी दस्ती बांधून वावरात शिरायचा. उकंडरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे इख आहे! आमाले याच्यासाठी मास्क देत होते!" ते धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडले. त्यात शिव्याही हिंदीतून, मदनसिंगच्या चालीवर. वावरातले मजूर हसले. इंद्रभान ओशाळला. आणि त्यांची लेक बेबी, तिला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, साल मोडलं तर वर्साची जवारी गेली," ती घरी आल्यावर म्हणाली. "तुमचं पेन्शन आहे, आमचं काय हाये? तुमी बोलू नका मधात."

उकंडराव दातओठ खात बकऱ्या चारायला निघून गेले.

पोळा झाला आणि एका भर दुपारी इंद्रभान वावरातच कोसळला. "ऊन लागलं, ऊन लागलं" म्हणत लोकांनी त्याला निंबाखाली आणलं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी त्याचीच औषधाने भिजलेली दस्ती तोंडावरून फिरवायला लागलं. उकंडराव धावत आले, पापणी वर केली आणि पाहिलं. बाहुली मोहरीएवढी! त्यांनी ती दस्ती हिसकावून भिरकावली, जावयाचं धोतर बायकांसमोर टरकन फाडून बाजूला केलं आणि घागरीमागून घागर ओतत साबणाने त्याचं अंग घासायला लागले.

"बाबा, काय करून राह्यले? लोक पाहून राह्यले!" बेबी रडत ओरडली.

"पाहू दे! मेल्यावर बी पायतीलच ना!"

गाडी जुंपली, जवळच्या मालेगावच्या दवाखान्यात नेलं, सुयांवर सुया झाल्या आणि इंद्रभान वाचला. दौलतराव एकदाही फिरकला नाही. इंद्रभान घरी आल्यावर पाटलाचा निरोप तेवढा आला: अर्धी पऱ्हाटी राह्यली आहे, बरा झाला असशील तर ये, नाही तर दुसरा पाहतो. आता दस्ती दुहेरी बांध.

दुहेरी बांध म्हणे! वा रे पाटील!

इंद्रभान जायला तयार झाला. हात अजून थरथरत होते तरी तयार झाला, कारण बेबी तयार होती, आणि बेबीला दुसरं काही दिसत नव्हतं. गावाच्या टोकाला, दौलतरावाच्या वावराला लागूनच उकंडरावांचा बकऱ्यांचा कोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बकऱ्या बाहेर काढल्या, फटी शेणाने लिंपल्या, आत शेगडी ठेवली आणि तिच्यावर सुक्या लाल मिरच्या टाकल्या. मग दाराला घोंगडं लावून रस्त्यावर उभे राहिले. पंप घेऊन निघालेला इंद्रभान, त्याच्या मागे भाकरी घेतलेली बेबी, सोबत आणखी मजूर, सगळे तिथेच थांबले. दौलतरावाची गाडीही मागून आली.

"दस्ती बांधा अन् आत जा," उकंडराव मजुरांना म्हणाले. "आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, न खोकलता सांगा. जो सांगन त्यानं खुशाल फवाराले जा. म्या अडवत नाई."

जगदेव नावाचा एक दांडगा मजूर हसत आत गेला. "जगदेव..." एवढंच ऐकू आलं, मग ठसक्यावर ठसका, आणि गडी घोंगडं फाडतच बाहेर आला, नाका-डोळ्यांतून धारा. दुसरा गेला, त्याचं तर नावही पुरं झालं नाही. जमलेलं गाव हसायला लागलं, पण हे हसू जरा वेगळं होतं. जगदेवने तोंडावरची दस्ती काढून हातात धरली आणि तिच्याकडे नुसता पाहत राहिला.

"बाप्पा, हिच्यातून तं सारंच आत येते," तो म्हणाला.

दौलतराव गाडीवरून खाली उतरला. "हवालदार, हा काय तमाशा लावला? मिरचीनं कोनं बी खोकलते. औषिदानं कोन खोकलते का? म्हंजे औषिद मिरचीपेक्षा बरंच ना?"

"म्हनूनच वाईट आहे पाटील! मिरची सांगून येते. थे सांगत नाई!"

"तुमाले पलटणीतलं येड लागलं आहे. इतकं वाईट असतं तं सरकारनं इकलं असतं का? चल बे इंद्रभान."

आणि इंद्रभान चालायला लागला. हवालदाराचा राग, मिरच्या, धूर, सगळं वाया! उकंडरावांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. त्यांनी दौलतरावाच्या गाडीकडे पाहिलं. शिंगांवरचे पोळ्याचे रंग अजून न उतरलेला, दौलतरावाचा जीव की प्राण असलेला पांढरा बैल जुवाखाली उभा होता. उकंडरावांनी काहीएक न बोलता त्याचं जोतं सोडलं, मुसकं काढून फेकलं आणि कासरा धरून त्याला सरळ पऱ्हाटीत घातलं, आदल्या संध्याकाळी बाकीच्या मजुरांनी फवारा मारलेल्या भागात. बैलाने मान खाली घातली.

"अबे ए! सोड त्याले!" दौलतराव किंचाळला. "आठ दिवस ढोर नाई घालत फवाऱ्यात! मरन ना तो!"

सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

दौलतराव धोतर सावरत पळत आला, इंद्रभानला खांद्याने बाजूला ढकलून पुढे गेला, बैलाचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि आत बोटं घालून पाहायला लागला, एखादं पान तर गेलं नाही ना.

बेबी भाकरीचं फडकं तसंच डोक्यावर धरून उभी होती. ती दौलतरावाच्या बोटांकडे पाहत होती. मग तिने फडकं खाली ठेवलं, नवऱ्याच्या पाठीवरच्या पंपाचे पट्टे स्वतःच्या हाताने सोडले आणि पंप धुऱ्यावर आपटला.

"पाटील," ती म्हणाली, "हा पडला तवा याचं तोंड कोनं उघडून पाह्यलं?"

दौलतरावाचा हात अजून बैलाच्या तोंडातच होता.