तिसऱ्या बटणाचा लाल दोरा

विल्फ्रेड टॅप्सेल एकदाही लढाईवर गेला नाही. डर्नफोर्डच्या छावणीत तो अडतीस वर्षं शिंपी होता आणि भलेभले कर्नल त्याच्यापुढे दोन्ही हात वर करून उभे राहायचे. मी शेजारच्या गोदामात बूट आणि पट्टे सांभाळायचो, त्यामुळे हा माणूस मला नको इतका ठाऊक होता.

त्याची मापांची वही वाचली तर सैन्याचा इतिहास वेगळा वाचायची गरज नव्हती. सुरुवातीला खाणींच्या गावांतून बरगड्या दिसणारी पोरं यायची. सैन्य त्यांना खाऊ घालायचं आणि सहा महिन्यांत विल्फ्रेडला शिवणी उसवाव्या लागायच्या. पुढे चांगली गुबगुबीत पोरं येऊ लागली, त्यांना पळवून पळवून सैन्य वाळवायचं आणि विल्फ्रेड शिवणी आत घ्यायचा. मग बायका भरती झाल्या. पहिला आठवडाभर त्यानं मापं घ्यायला स्वतःच्या बायकोला, ॲग्नेसला, बोलावलं. नंतर छताकडे बघत स्वतःच घेऊ लागला.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आमच्या पलटणीच्या परेडच्या कोटाचं तिसरं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं असे. फार जुन्या कुठल्याशा लढाईत एका अधिकाऱ्याचं बटण तुटलं आणि शिपायानं आपल्याच कोटाचा दोरा उसवून ते लावून दिलं, अशी गोष्ट होती. ती खरी की खोटी, कुणी विचारलं नाही. बाहेरून तो दोरा दिसतही नसे.

मग सरकारनं सैन्य कमी करायला काढलं आणि आमची पलटण उत्तरेकडच्या एका पलटणीत मिसळून टाकली. नाव नवं, बिल्ला नवा. हुकूम आला की दोन्हीकडच्या जुन्या खुणा काढाव्यात, दोरा सगळीकडे काळाच वापरावा, ऐकणार नाही त्याला घरी पाठवावं. विल्फ्रेडच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

"सोडून दे ना," मी म्हटलं. "आतून कोण बघतंय?"

"आतून कधीच कोणी बघत नव्हतं. मग आजवर कशाला शिवला?"

लाल दोरा गोदामातून मिळायचा बंद झाला होता. त्यानं आधीच्या शिंप्याचं जुनं रीळ खणातून शोधून काढलं आणि गपचूप शिवत राहिला. रीळ कुजकं निघालं. जूनच्या परेडला जनरलसाहेबांसमोर ढोल वाजवणाऱ्यानं छाती फुगवली आणि त्याचं तिसरं बटण उडालं. मागे लाल दोरा लोंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी सामानखात्याच्या प्रमुख मेजर रॅस्ट्रिकबाई शिंप्याच्या खोलीत आल्या. त्या उत्तरेकडच्या पलटणीतल्या. मी तिथेच होतो आणि मला बाहेर जायचं सुचलं नाही. त्यांनी एकेक कोट उलटा करून टेबलावर टाकला.

"टॅप्सेल, हुकूम वाचला होतात ना?"

"वाचला होता, मॅडम."

"असे किती शिवलेत?"

"सगळेच."

"दोरा कुजका आहे."

"नवा मिळत नाही, मॅडम. तुमच्याच सहीनं बंद झालाय."

गेली आता याची नोकरी, असं मला वाटलं, आणि त्याच्या जिभेचा भयंकर राग आला. बाईंनी दार लावलं. अंगातला कोट काढला आणि डावी बाही उलटून दाखवली. आत नखाएवढा हिरवा कापडाचा तुकडा होता.

"हा आमचा. त्याच हुकमात गेला. मीच शिवलाय, पण धुतला की सुटतो."

विल्फ्रेडनं चष्मा लावून तुकडा नीट पाहिला.

"टाका भिकार आहे, मॅडम."

"म्हणून तर तुमच्याकडे आणलाय."

पुढच्या आठवड्यात लाल दोरा आला, मोज्यांच्या दुरुस्तीच्या नावाखाली. विल्फ्रेड प्रत्येक कोटात दोन्ही खुणा शिवू लागला, लाल दोराही आणि हिरवा तुकडाही. शिकाऊ शिंप्यालाही त्यानं तसंच शिकवलं. कागदावर कुणी काही लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी तो मला भेटायला आला होता. मैदानात एक तरणा सार्जंट नव्या भरतीला उभं करून बोलत होता, म्हणून आम्ही थांबलो.

"बाही उलटा. हिरवा तुकडा दिसला? आता तिसरं बटण. लाल दोरा. दोनशे वर्षं चालत आलंय हे."

"कुणी सुरू केलं, सार्जंट?" एका मुलीनं विचारलं.

सार्जंटनं टोपी सारखी केली. "दोन शूर अधिकारी होते. एकाच लढाईत पडले."

विल्फ्रेड आता त्याला चार शब्द सुनावणार म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो काठी टेकून ताठ उभा होता.

"चला," तो म्हणाला, "एकदाचा लढाईत पडलो."