स्टार्टर काढलेली गाडी

बॉनेटच्या कडेला डावा तळवा टेकवून, डोळे मिटून मामा म्हणायचे, "मारा किल्ली." आपण किल्ली मारली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. मध्ये बोललात तर संपलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. अजूनही गाडीत बसलो की किल्ली अर्धी फिरवून मी थांबतो. कुणीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतं. बायको म्हणते, आता कसली वाट बघताय?

उंब्रजजवळ, हायवे सोडून उसात शिरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. गाड्यांचं वायरिंग, डायनामो, स्टार्टर, एवढंच काम. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही. फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, पण हट्टी असा की विचारू नका. गिऱ्हाइकाला बिघाड समजल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही. आणि मी ठिबकचं सामान विकत कुंडल, आटपाडी करत फिरणारा, सदा घाईतला. आमचं जमलं कसं ते देवालाच ठाऊक.

"कटकटकट वाजलं तर ब्याटरी उतरलीया. एकदाच टक करून गप बसलं, तर स्टार्टर. ध्यानात आलं का? मग खोलू." एकदा मी वैतागून म्हणालो, मामा, दाढ दुखली तर डॉक्टर आधी दाताचा धडा शिकवतो का? त्यांनी शांतपणे पाना खाली ठेवला आणि मला शेजारच्या टपरीवर चहाला नेलं. तिथं पुन्हा तोच धडा. चहावाला गालात हसत होता, त्याला तो पाठच होता.

स्टार्टरवर त्यांचा भारी जीव. जुना स्टार्टर मांडीवर घेऊन त्यातले झिजलेले कार्बनचे तुकडे दाखवत म्हणायचे, "ह्यो पळभर जोर लावतो आन बाजूला हुतो. पुढं दिसभर इंजिन पळतंय. ह्याची कुणाला याद बी येत न्हाई." असं म्हणून ते बोटानं त्याच्यावरची धूळ पुसायचे.

गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. माझ्या गाडीनं टक केलं. आता एवढं मलाही कळत होतं. स्टार्टरला पान्यानं ठोकून ठोकून कशीबशी शेडपर्यंत आणली. मामा म्हणाले, आज खांदा धरलाय, उद्या या. मला तर उद्या सकाळी आटपाडी गाठायची होती. मी म्हणालो, "मामा, वय झालं की खांदा धरायचाच. तासाभराचं तर काम." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला त्याची लाज वाटते.

ते हसले. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, गाडीखाली शिरले आणि आडवे पडून, हात वर करून बोल्ट खोलायला लागले. शेवटचा निघाला तसा स्टार्टर छातीवर धरून बाहेर सरकले आणि चाकाला टेकून बसले. त्या थंडीत घामानं चिंब. जबडा दुखतोय म्हणाले.

रुग्णवाहिकेला फोन लावला, तिला यायला अर्धा तास होता. जवळ वाहन म्हणजे उसानं भरलेला एक ट्रॅक्टर. आणि माझी गाडी, जिचा स्टार्टर त्यांच्याच मांडीवर पडला होता. तेच म्हणाले, ढकलून निघेल. मी बॅटरी जोडायला धावलो, तर त्यांनी हात वर केला. स्टार्टरची जाड वायर मोकळी लोंबत होती. बॅटरी जोडल्यावर ती बॉडीला टेकली असती, तर गाडीनं पेट घेतला असता. "आदी तिला रबर गुंडाळा." जुन्या ट्यूबचा तुकडा मला दोनदा बांधता आला नाही. मी तिसऱ्यांदा बांधेपर्यंत ते माझ्याकडे बघत बसले होते.

चहावाला आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, दोघांनी मिळून ढकललं. सेकंड गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन लागलं.

कराडपर्यंत ते शेजारच्या सीटवर डोळे मिटून होते. झोपले नव्हते, इंजिन ऐकत होते. दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत कधी अहोजाहो सोडलं नव्हतं.

"गाडी बंद करू नगंस. परत जाताना हितं ढकलाय कोन न्हाई."

मी बरं म्हणालो. गाडी दारात तशीच चालू ठेवून आत-बाहेर करत राहिलो. तिसऱ्यांदा बाहेर आलो, तेव्हा मामा गेल्याचं डॉक्टरांचं मला सांगून झालं होतं. वॉचमन म्हणाला, आवं, कवाधरनं चालू हाय, बंद करा की. केली.

दिवस मावळेपर्यंत उंब्रजची माणसं येत राहिली. त्यातल्या बहुतेकांच्या गाड्या कधी ना कधी मामांनी चालू करून दिलेल्या. मामांना न्यायला गावातनं वेगळी गाडी आली होती, ती पुढं गेली. चहावाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, ढकलायची का? मी बसलो. वीस-पंचवीस जण गाडीच्या मागं लागले. गाडी फाटकाबाहेर येऊन चांगली वेगात पळायला लागली, मागून सगळे सोडा, सोडा म्हणून ओरडत होते, आणि मला क्लच सोडवत नव्हता.