शेवटच्या बॅचचा तराजू

यवतमाळच्या ज्या फार्मसी कॉलेजात मी शिकवत होते, तिथं प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरप्रमाणे पडत आणि रोल नंबर प्रवेशाच्या तारखेप्रमाणे. दिसायला अगदी सोवळा कारभार. राखीव जागांवरच्या पोरांची जातीची कागदपत्रं मात्र कचेऱ्या फिरून येईपर्यंत उशीर व्हायचाच, म्हणून ती दरवर्षी शेवटच्या बॅचमध्ये. आणि शेवटच्या बॅचच्या टेबलावर दरवर्षी तोच जुना तराजू, उजवीकडे झुकणारा. पोरं डाव्या पारड्यात कागदाची घडी ठेवून काटा मधे आणायची, मगच त्या घडीवर वजनं ठेवायची आणि उजव्या पारड्यात औषध तोलायची. जाताना ही युक्ती नव्या पोरांना शिकवून जायची.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत या बॅचमध्ये झरी जामणीकडची एक कोलाम आदिवासी मुलगी आली. आदल्या हंगामात तिचा मोठा भाऊ दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन कोसळला होता. सरकारी दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा गोळ्या कशा घ्यायच्या ते औषधाच्या खिडकीतल्या माणसानं आईला मराठीत भराभर सांगितलं. आईला फक्त कोलामी कळायची. तिनं मान हलवली.

"मले त्या खिडकीच्या आतमंदी बसाचं हाय," मुलगी मला म्हणाली होती.

मी प्राचार्यांकडे गेले. बॅच मिसळा, नाहीतर तराजू तरी बदला, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बॅच काय जातीवर पाडल्यात? नंबरावर पाडल्यात." माझं डोकंच फिरलं. मी त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि दुसऱ्या वर्षाला त्यांनी कंटाळून बॅच मिसळल्या. तराजू तेवढा तसाच राहिला.

थोड्याच दिवसांत ती माझ्यापुढे उभी. "मॅडम, आमच्यातले काहीजण जुन्या तराजूपाशी परत गेले. मलेबी तिथंच जाऊ द्या."

"का गं?"

"तिथं तराजूले हात लावाले भेटे. इथं मी नुसते खलबत्ते धुवून राह्यली."

मी तिच्या टेबलावरच्या शहरातल्या मुलामुलींना फैलावर घेतलं. पुढचे काही दिवस त्यांनी तिला वजन करू दिलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी ती जुन्या सोबत्यांकडे परत गेली आणि मीही जाऊ दिलं. शिकायचं तर तिला हातानंच होतं.

परीक्षेला टेबलं चिठ्ठ्या टाकून ठरली. तिच्या वाट्याला पहिल्या बॅचचा, चांगला तराजू आला. मला इतकं बरं वाटलं! तिनं अ‍ॅप्रनच्या खिशातून कागदाची घडी काढली आणि नेहमीप्रमाणे डाव्या पारड्यात ठेवली. काट्याकडे पाहिलंच नाही. सवय डोळ्यांच्या पुढे धावली. मी पलीकडे उभी होते, परीक्षक म्हणूनच, पण तिथं तोंड उघडायची सोय नव्हती.

तिच्या सगळ्या पुड्या जड भरल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी जुन्या तराजूचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "लहान मुलाच्या डोसच्या पुड्या आहेत या, मॅडम. त्याच्या आईला तराजूची कहाणी सांगायची का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप आला.

ती नापास झाली. फेरपरीक्षा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत आली आणि ती आलीच नाही. मी फोन लावला. भावाला आता नीट दिसत नव्हतं, त्याच्या वाट्याची वेचणीही तीच करत होती. पुढच्या वेळी तरी बस, मी म्हटलं, मी स्वतः तयारी करून घेते.

तिनं विचारलं, "मॅडम, परीक्षेतला तराजू बरोबर होता ना?"

"हो."

"मंग मीच चुकली."

नाही गं, तू नाही, असं मी म्हणेपर्यंत पलीकडून तिला कुणीतरी कोलामीत हाक मारली आणि फोन बंद झाला.