ज्यांच्यासाठी अर्धं ठेवलंय

आमच्या मैदानावर माणसं हरवायची आणि सापडायची. हरवण्याचं काम त्यांचं ती करत, सापडवण्याचं काम माझ्या वहिनींकडे होतं. आता वहिनी घरीच असतात. ऐकू कमी येतं, पण चष्मा लावून वाचतात अजून. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. मला लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहितो.

मोठं प्रदर्शनाचं मैदान होतं ते. थंडीचे महिने तिथे यंत्रांची, फर्निचरची, रोपांची, खेळण्यांची दुकानं लागत आणि मागच्या अंगाला उंच पाळणे फिरत. फाटकाजवळ काचेच्या खिडक्यांची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, माइक, एक लांब बाक, चहाचा थर्मास आणि आम्ही दोघं. मी कर्णेवाला. खांबाखांबावर कर्णे बसवायचे, तारा जोडायच्या, आवाज कमीजास्त करायचा. मी डावरा आहे, त्यामुळे माझं स्क्रू पिळणं बघून लोकांना हसू यायचं. बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दुसऱ्यांचा आवाज मोठा करायचा धंदा मी बहुतेक त्यामुळेच धरला असेन.

माझा थोरला भाऊ गेला, तेव्हा वहिनी दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायच्या. माझी बायको म्हणाली, "त्यांना न्या की तुमच्याबरोबर. तिथे निदान चार माणसं दिसतील." घोषणा करणाऱ्या बाईंचा घसा नेमका त्याच सुमाराला बसला. वहिनी एका दिवसापुरत्या माइकपुढे बसल्या त्या बसल्याच. मी त्यांना वहिनी म्हणायचो, म्हणून दरवान म्हणायला लागला, मग फुगेवाला, मग पाळणेवाले, शेवटी व्यवस्थापकसाहेबही. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्यामुळे मला एवढे दीर झाले. एकाला तरी भांडी घासायला लावा."

बोलायच्या मात्र अशा, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी. लांबचे कर्णे जरा मागून ऐकू यायचे. वहिनींचं एकच वाक्य आधी जवळून यायचं, मग मधल्या खांबांवरून, आणि अगदी शेवटी पाळण्यांच्या पलीकडून, बारीक होऊन. संध्याकाळी धुकं उतरलं की वाटायचं, मैदान झोपलंय आणि झोपेत वहिनींचं बोलणं पुन्हा पुन्हा पुटपुटतंय. अशा वेळी आपण तरी जागे आहोत का, अशी मला शंका यायची.

हरवलेली मुलं कधीच कबूल करायची नाहीत.

"मी नाही हरवलो. आई हरवली."

"असं होय? मग शोधू या तिला. दिसायला कशी आहे?"

"आईसारखी."

वहिनी न हसता मान डोलवायच्या आणि विचारायच्या, रागावतं कोण, झोपताना पाय कुणाच्या अंगावर टाकतोस. त्यातून काहीतरी धागा सापडायचाच. नवऱ्यांची गत त्याहून वाईट. बायकोच्या कपड्यांचा रंग विचारला की ते छताकडे बघायचे. एक जण म्हणाला, "निळा असावा. की तो मागच्या वर्षी होता?" बायकांचं उलट. "वरून दुसरं बटण तुटलंय, मी लावून देते म्हटलं तर ऐकतात कुठे," इथपासून सुरुवात व्हायची आणि नवरा सापडेपर्यंत त्याचे सगळे गुण मैदानभर झालेले असायचे.

एका वर्षी आमच्या खोलीत एक विद्यार्थिनी येऊन बसू लागली. समाजशास्त्र शिकत होती. माणूस स्वतःची ओळख कशी सांगतो आणि त्याची माणसं त्याची ओळख कशी सांगतात, असा काहीसा तिचा विषय होता.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्यांच्या भानगडी कान देऊन ऐकायच्या, आणि वर त्याची पदवी?"

"तुम्ही त्याचा पगार घेता, वहिनी. मी नुसती पदवी घेते."

त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. पोरगी बोलायची छान. म्हणायची, मी कोण हे एकट्या माणसाला कळतच नाही. लोक आपल्याकडे कसे बघतात, कशी हाक मारतात, आपल्याकडून काय धरून चालतात, त्यातून आपण स्वतःला जुळवत जातो. मी तारा सोलत होतो, हात थांबला. मी जन्माचा लाजाळू असं मी समजत होतो. लहानपणी कुणीतरी पाहुण्यांपुढे "हा आमचा लाजरा" म्हणालं असेल आणि मी मुकाट्यानं ते पाळत आलो असेन, असंही असू शकेल. कुणास ठाऊक.

त्याच हंगामातली ही संध्याकाळ. दरवान एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आला. नीटनेटका वेश, चेहऱ्यावर हसू.

"नाव काय आपलं?" वहिनींनी विचारलं. ते नुसते हसले.

"घर कुठे?"

"इथंच."

"बरोबर कोण आहे?"

"आहे ना." एवढं म्हणून त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा कावराबावरा झाला.

खिशात एक रुमाल आणि एक कंगवा, बस्स. मैदान बंद होईपर्यंत ज्याला न्यायला कुणी येणार नाही, त्याला गाडीत घालून गावाबाहेरच्या निराधारांच्या आश्रमात पोचवायचं, असा नियम होता. आधी एकदा एका आजींना असंच पोचवलं होतं. त्यांना नाव सांगता येत नव्हतं, मुलं दवाखाने पालथे घालत होती आणि आजी तिथे खिडकीशी बसून होत्या. ती हकीकत कळली तेव्हा वहिनींच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"आज कुणाला गाडीत घालायचं नाही," त्या म्हणाल्या आणि माइककडे वळल्या. वृद्ध गृहस्थ, पांढरे केस, राखाडी कोट, तपकिरी बूट. तीन ठिकाणांहून त्यांचा आवाज फिरून आला. दिवे लागले, धुकं दाट झालं, वहिनींनी पुन्हा पुकारलं, पुन्हा पुकारलं. कुणी फिरकलं नाही. ते गृहस्थ मधूनमधून डावीकडे बघायचे.

विद्यार्थिनी इतका वेळ त्यांच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "वहिनी, ते कोण आहेत हे त्यांना विचारून उपयोग नाही. ते दुसऱ्याशी कसे वागतात ते बघू. आठवण गेली तरी आपल्या माणसांबरोबर राहायची सवय अंगात उरते, असं आम्हाला शिकवलंय."

"अगं पण वागायला त्यांच्याबरोबर आहे कोण?"

"तुम्ही आहात की. चहा द्या त्यांना."

वहिनींनी चहा ओतला, दांडी त्यांच्याकडे फिरवून कप ठेवला, बशीत बिस्किटं ठेवली. आम्ही तिघं चोरून बघत राहिलो. त्यांनी बिस्किटाचे दोन तुकडे केले. एक खाल्ला, एक रुमालात ठेवला. दुसऱ्या बिस्किटाचंही तसंच. बाक अख्खा रिकामा होता, तरी ते उजव्या कडेला सरकून बसले होते. वहिनी थर्मास ठेवायला उठल्या, तसे तेही उठले, डावा कोपर पुढे केला आणि हळूच म्हणाले, "पायरी आहे हं पुढे."

दारात खरंच एक पायरी होती. आमच्या कधी ध्यानातही यायची नाही.

"गुडघे दुखत असतील बिचारीचे," वहिनी म्हणाल्या. "जी कुणी असेल तिचे."

त्या माइकपुढे बसल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, आवाज सोडा." मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. इतकं कधी फिरवलं नव्हतं.

"ऐका. ज्यांच्यासाठी कुणीतरी अर्धं बिस्किट रुमालात बांधून ठेवतं, पायरी आली की ज्यांना आधी सांगतं, बाकावर बसताना डाव्या हाताला ज्यांची जागा सोडतं, त्यांनी फाटकाजवळच्या खोलीत यावं. तुमची वाट बघणं चाललंय."

पाळण्यांच्या पलीकडून "वाट बघणं चाललंय" असं बारीक ऐकू आलं.

मग माणसं यायला लागली. ज्यांचं कुणी हरवलेलं नव्हतं अशी. पहिली आली ती फर्निचरवाल्याची बायको. "आमचं माणूस दुकानात घोरतंय, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण म्हटलं, अर्धं ठेवणारं कोण आहे ते बघून तरी यावं." एक तरुण मुलगी आली, आत डोकावली, बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिनं एक कटाक्ष टाकला. तो म्हणाला, "मी काय केलं आता?" एक वयस्कर गृहस्थ आले. "माझं कुणी नाही. सहज आलो," असं सांगून दाराशीच उभे राहिले. धुक्यात आणखी चारसहा जण उभे होते. कुणाचा पाय निघत नव्हता.

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरनं आत डोकं घातलं. "वहिनी, उरकायचं का?"

"चहा घे आधी."

"घेतला मी."

"मग परत घे."

त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कप हातात घेतला. तो चहा त्यानं इतका फुंकून फुंकून प्यायला, की थंड होऊन त्यावर साय आली.

शेवटी फुगेवाला दिसला. एका हातात फुग्यांचा घोस, दुसऱ्या हाताला धरून एक म्हातारी बाई. तिची नजर समोर कुठेतरी लांब लागलेली होती. तिला दिसत नव्हतं.

"जरा सावकाश चाला हो," ती त्याला सुनावत होती. "केवढा हलतो तुमचा हात! आमच्या ह्यांचा कसा, कठड्यासारखा."

बाकावरचे गृहस्थ ताडकन उठले. "अगं होतीस कुठे तू? हरवतेस कशी अशी?"

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिचा हात बरोबर त्यांच्या डाव्या कोपरावर जाऊन बसला. त्यांनी रुमाल सोडून अर्धी बिस्किटं तिच्या तळव्यावर ठेवली. दारातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विद्यार्थिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

वहिनींनी विचारलं, "आजी, मी मघापासून पुकारतेय. ऐकू नाही आलं का?"

"आलं की. कारंज्यापाशी बसून सगळं ऐकत होते. उठले असते तर ह्यांना सापडले नसते ना. पण तुम्ही म्हणत होता, वृद्ध गृहस्थ, पांढरे केस. मी म्हटलं, बिचारे कुणाचे कोण असतील. आमच्या ह्यांचे केस तर काळेभोर, आणि कपाळावर सारखी बट..." ती थांबली. मग स्वतःशीच हसली. "हिशेब केला तर झाले असतील पांढरे. पण मला दिसायचं बंद झालं तेव्हा हे तरुण होते. त्यानंतर दुसरे कुणी मी पाहिलेच नाहीत."

ते दोघं निघाले. "पायरी आहे हं," ते म्हणाले. "माहीत आहे हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं धुक्यात नुसतं तिचं बोलणं ऐकू येत राहिलं, डावीकडे वळा, आता सरळ. रिकामी गाडी त्यांच्या मागून निघून गेली.

विद्यार्थिनीही गेली. मी माइक बंद केला, तारा गुंडाळल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी हरवले तर मला कसं पुकाराल?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. "तुम्ही कशाला हरवाल?"

"हरवले तर हो." आणि त्यांनी खोलीतला दिवाच घालवला. "सांगा बघू, आज माझ्या अंगावर कुठला रंग आहे?"

काळोखात मी छताकडे बघत राहिलो. दिवसभर समोर बसलो होतो आणि मला रंग सांगता येईना. वहिनी खुदखुदल्या. "तुम्ही पण त्यातलेच. घ्या, उरलेला चहा घ्या."

टेबलावर कप ठेवल्याचा आवाज झाला. मी अंधारात हात पुढे केला, डावा. दांडी थेट बोटांत आली. चाचपावं लागलं नाही. जगात मी कुठेही गेलो तरी कपाची दांडी उजवीकडे असते आणि मी गुपचूप ती फिरवून घेतो. ह्या खोलीत किंवा घरी, वहिनींच्या हातून चहा घेताना मला ती कधी फिरवावी लागली नव्हती. इतकी वर्षं, आणि माझ्या ध्यानातही नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "येईल मला पुकारता."

"मग पुकारा की."

माइक बंद होता. म्हणून पुकारलं.