देवाने भोंगा दिला होता का

धरणाचे दरवाजे उघडण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्या गृहस्थांना सगळे दारवाले काका म्हणत. नवख्या माणसाला ते 'दारूवाले' ऐकू यायचं, आणि काकांनी तर तिचा वासही कधी घेतला नव्हता. असो. काम मात्र चोख. आधी इशाऱ्याचा भोंगा, मग स्वतः कठड्यापाशी जाऊन खालच्या पात्रात डोळे ताणून बघायचं, आणि मगच बटण. बाकीचे ऑपरेटर भोंगा देऊन मोकळे व्हायचे. हे आपले बघत उभे, आणि तिकडे साहेब फोनवर चरफडतायत.

निवृत्तीनंतर एकच नाद उरला, धर्मग्रंथ मोठ्याने वाचण्याचा. पाण्याच्या आवाजावरून ओरडायची सवय, त्यामुळे वाचन गल्लीच्या टोकापर्यंत जाई. ऐकायला हवी कोण, तर नात. ती चिमुरडी मांडीवर बसली की म्हातारा दिवसभर हवेत.

एका संध्याकाळी तिला ते प्रलयाची गोष्ट वाचून दाखवत होते. होडी, जनावरांच्या जोड्या, सगळं कसं रंगात आलेलं. तेवढ्यात तिची आई, म्हणजे काकांची मुलगी, ड्यूटीवरून आली. लहान मुलांच्या वॉर्डात ती नर्स. चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, बुडालेल्यांचं पान गाळलंत."

"लहान आहे गं ती."

"बुडाली तीही लहानच होती."

"लोक फार बिघडले होते. देवाचा न्याय आहे तो."

"तान्ही बाळंसुद्धा बिघडली होती? आमच्याकडे एक बाळ गेलं तर कुणाला घास जात नाही. हा सगळी बुडवतो, आणि वर त्याला दयाळू म्हणायचं?" तिने ग्रंथ मिटला. "हिला हे वाचून दाखवायच्या हौसेवर आता पाणी सोडा."

पाणी सोडा म्हणे. जन्मभर दुसरं केलं काय होतं बिचाऱ्याने? "अहो, जेवून घ्या, देव कुठे पळून जात नाही," काकू आतून म्हणाल्या. पण नात मांडीवर येणार नाही, या विचाराने काकांना ताट नकोसं झालं.

मग त्यांनी ग्रंथ पिंजून काढला. शोधत होते एकच, देवाने भोंगा दिला होता का. अखेर सापडलं असं वाटलं तेव्हा ते गच्चीवर गेले. मुलगी कपडे वाळत घालत होती.

"होडी बांधायला केवढा काळ लागला असेल," ते म्हणाले. "ती ठोकाठोक सगळ्यांच्या कानांवर जात होती. तोच भोंगा."

"तान्ह्याला भोंगा कळतो, बाबा?"

काका पायरीवर बसले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीही भोंगा दिला होता आणि लगेच बटण दाबलं होतं. मग सहज खाली बघितलं, तर पात्रात एक बाई, कडेवर मूल. सुटलेलं पाणी काही परत बोलावता येत नाही. ती धडपडत काठावर चढली, वाचली. पण काकांच्या काळजाचं पाणी झालं ते झालंच. बघितल्याशिवाय पुन्हा कधी नाही, अशी त्यांनी तेव्हा शपथ घेतली.

हे त्यांनी मुलीला आज पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगता सांगताच थबकले. "गोष्टीच्या शेवटी देवही तेच म्हणतो. पुन्हा असं करणार नाही." त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. "पुन्हा नाही असं कोण म्हणतो गं? ज्याने खाली बघितलं तोच. मला एक दिसली तर मी हादरलो. त्याला सगळी दिसली असतील."

"मग चुकला म्हणा की."

देवाविरुद्ध कधी ब्र न काढलेला माणूस हा. "चुकला," ते हळूच म्हणाले आणि आभाळाकडे बघत राहिले. एवढा प्रचंड, आणि त्याला शपथ घेऊन स्वतःचेच हात बांधून घ्यावे लागले. असा देव त्यांना आजवर दिसलाच नव्हता. भीती वाटत होती, आणि डोळेही भरून आले होते.

"बुडालेल्यांना त्या शपथेचा काय उपयोग?" मुलगी म्हणाली.

"नाही माहीत," काका म्हणाले.

तिने हातातली चादर पुन्हा बादलीत टाकली आणि खाली गेली. वर आली ती ग्रंथ आणि लेक दोन्ही घेऊन. लेकीला तिने त्यांच्या मांडीवर बसवलं. "वाचा. पण काही गाळायचं नाही."

काका वाचू लागले. बुडालेल्यांचं पान आलं, तसा गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज मांडीवरच्या पोरीलाही ऐकू येईना.

"आजोबा, मोठ्याने," ती म्हणाली.