कंदीलवालीचं पुढे काय झालं

आमच्या घुम्याला पदरचं घालून बोलता येत नाही. घुम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून तोंड मिटूनच वाढला म्हणून आईनंच हे नाव ठेवलं, आणि चाळिशी उलटली तरी ते काही सुटलं नाही. त्याच्या स्वभावाचं हे मी आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या पोटात दुखायला लागल्यापासून मला त्याच्या तोंडाकडेच बघत बसायची सवय लागली आहे.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तो सीटी स्कॅनचं मशीन चालवतो. माणसाला फळीवर निजवायचं, त्या भल्यामोठ्या कड्यातून आत सरकवायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. काचेपलीकडच्या पडद्यावर काय ते सगळ्यात आधी त्यालाच दिसतं, पण सांगायची परवानगी नाही. फळीवरून उतरलेला माणूस त्याचा चेहरा निरखत विचारतो, काही आहे का हो? हा खाली वाकून त्याच्या चपला सरळ करतो, पायाशी ठेवतो आणि म्हणतो, डॉक्टर सांगतील. इतकी वर्षं हे एकच वाक्य.

मी त्याला म्हणायचे, अरे दगडा, निदान काळजी करू नका एवढं तरी म्हणत जा. माझं पार्लर आहे. दोऱ्यानं भुवया करताना समोरचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं, तरी मी झालंच, झालंच म्हणत असते आणि अर्धी भुवई बाकी असते. घुम्याला हे जमत नाही. जे सांगायचा आपल्याला हक्क नाही ते सांगायचं नाही, आणि जे ठाऊकच नाही ते तर नाहीच नाही. वाद घालायला गेलं की उठून पाणी प्यायला जातो.

घरात आम्ही दोघंच. माझं नवऱ्याशी पटलं नाही, त्याचं लग्न जमलं नाही. कामावरून आला की टीव्ही त्याच्या ताब्यात. हातात तो बटणांचा कंट्रोलर आणि पडद्यावर डोंगर, राक्षस, तलवारी, जादू. एकाच गेमचे भाग तो विशीपासून खेळत आला. सुरुवातीला मी त्याचं डोकं खायचे, की घोडा झालास आता. मग भाजी निवडता निवडता बघायला लागले आणि मीच त्यात अडकले.

अडकले ती एका मुलीपायी. त्यातल्या नायकापुढे ती हातात कंदील घेऊन चालते. तिचं खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी कंदीलवाली म्हणते. पहिल्या भागाच्या शेवटी डोंगरात एक दगडी दार उघडतं. आत काय आहे कोणालाच ठाऊक नसतं. ती म्हणते, थांब, मी बघून येते. दार बंद होतं आणि भागही संपतो. दुसऱ्या भागात तिचा कंदील सापडतो, पायरीवर ठेवलेला, अजून जळत असलेला. तिसऱ्यात एक म्हातारा खानावळवाला म्हणतो, होती खरी अशी एक, आणि मेला विषय बदलतो.

चौथा भाग यायला मध्ये कितीतरी वर्षं गेली. तेवढ्या काळात घुम्यानं गेमची मशीनं बदलली, पण दर वेळी जुन्या खेळाची नोंद जपून नव्यात उतरवून घेतली. आपण मागे कुणाला वाचवलं, कुणाला शब्द दिला, ते पुढच्या भागाला कळतं म्हणे. शेवटी तो भाग आला तेव्हा यानं रजा टाकली. सकाळपासून नखं खात होता. मी पार्लर बंद ठेवून शेजारी बसले. तेव्हा माझं दुखणं सुरू झालेलं होतं, बरगडीखाली, उजवीकडे. मी त्याला सांगितलं नव्हतं. वजन उतरत होतं आणि बायका म्हणत होत्या, छान बारीक झालात हो. मी हसायचे आणि घरी येऊन कपाटाच्या आरशासमोर पोट दाबून बघायचे.

त्या चौथ्या भागानं जुनी नोंद विचारलीसुद्धा नाही. नायक नवा, गाव नवं, डोंगरच गायब. कंदीलवालीचं कुणी नावही काढेना. घुम्या प्रत्येक घरात शिरला, प्रत्येक म्हाताऱ्याशी बोलला. आठवडा-दीड आठवडा खेळून गेम संपला, ज्यांनी बनवला त्यांच्या नावांची भलीमोठी यादी वर सरकायला लागली, तरी हा उठेना. नावांनंतर काहीतरी दाखवतील असं त्याला वाटत होतं. शेवटचं नाव गेलं आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर तो जेवणात चिवडाचिवड करायला लागला. इंटरनेटवर लोकांनी आपापल्या परीनं शेवट लावले होते. कोणी म्हणे ती आत राणी झाली, कोणी म्हणे पहिल्याच भागात मेली. मी म्हटलं, तूही एखादा शेवट धर आणि सुटका करून घे. तर म्हणाला, "ज्यांनी तिला आत पाठवलं त्यांनीच सांगायला हवं, ताई. माझ्या मनचं काहीतरी मी तिच्या नावावर कसं खपवू?"

मी चिडलेच. कुठली कोण ती, खोट्या डोंगरातली, तिच्यासाठी सुतक पाळतोस, आणि इथे घरात जितंजागतं माणूस झिजतंय ते दिसत नाही? बोलून गेले आणि मग सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पोट दाबून पाहिलं, स्कॅन लिहून दिला, आणि मी घुम्याच्याच तळमजल्यावर येऊन पडले.

स्कॅन दुसऱ्या कोणीतरी करावा असं त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकीनं त्याला सुचवलं होतं. तो नको म्हणाला. हातात सुई टोचली, औषध आत गेलं तशी अंगभर ऊब पसरली. मला वाटलं, झालं, आता कपडे ओले केले की काय मी. हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. श्वास घ्या, तो म्हणाला. धरून ठेवा. सख्ख्या बहिणीला अहोजाहो. सोडा म्हणायला त्याला जरा उशीर झाला असं मला वाटलं. कदाचित झालाही नसेल. तिथे पडलं की काहीही वाटतं.

उतरले तेव्हा त्यानं माझ्या चपला सरळ करून पायाशी ठेवल्या. मी मुद्दामच काही विचारलं नाही. तो काय म्हणणार ते पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच ऐकायची माझी इच्छा होती.

अर्धा दिवस रजा टाकून तो माझ्याबरोबर बसथांब्यावर आला. बाकावर बसलो. बस येईना. आणि घुम्या, जो आपण होऊन कधी बोलत नाही, तो एकदम म्हणाला, "ताई, ती कंदीलवाली बाहेर आली."

मी म्हटलं, "कुठे दाखवलं?"

"दाखवलं नाही. पण आली असणार. मागच्या बाजूनं वाट होती. दमली होती जरा, पण आली."

तो सांगतच राहिला. वाटेत झरा होता म्हणे, पुढे पठार लागलं, तिला घराचं धुराडं लांबूनच ओळखू आलं. वर्षभरात बोलला नसेल इतकं तो त्या बाकावर बोलला. आणि सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत होता. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि मला सगळं कळलं होतं.

"घुम्या," मी म्हटलं, "पुरे."

तो थांबला. मग म्हणाला, उद्या रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचंय, मी येतो बरोबर. मी विचारलं, डॉक्टर सांगतील ना? हो म्हणाला, डॉक्टर सांगतील. आवाज नेहमीचाच लावायला गेला, पण तो फाटला.

मला त्याचा भयंकर राग आला. आयुष्यभर खोटं बोलला नाहीस आणि आज शिकलास होय रे? मग त्याचे गुडघ्यावरचे हात दिसले, लहानपणी गणित चुकलं की ठेवायचा तसे घट्ट जुळवून ठेवलेले. राग गेला, भीती तेवढी राहिली. मला मरायचं नाही. एवढं मोठं वाक्य त्या थांब्यावर कुणाला सांगणार?

"तिला बाहेर काढू नकोस," मी म्हटलं. "ज्यांनी सांगितलं नाही, त्यांनी नाही सांगितलं. ती बघायला आत गेलीय. येते म्हणालीय. आज एवढंच राहू दे."

त्यानं मान हलवली. बस वळणावर दिसली. मी उठताना त्याचा दंड धरला आणि विचारलं, "कंदील जळत होता ना रे पायरीवर?"

"होता," तो म्हणाला.

हे मात्र त्याच्या पदरचं नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं.